विजेवरील मालट्रक (भारत)

बॅटरीवर चालणारी मध्यम व अवजड मालवाहू वाहने. भारतीय वर्गवारीत ३.५ ते १२ टन एकूण वजनाची वाहने एन-२ आणि त्यावरची एन-३ गटात येतात. देशातील वाहनांत डिझेल ट्रक जेमतेम ३ टक्के आहेत. पण वाहतुकीतून होणाऱ्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात त्यांचा वाटा, सरकारी आकड्यांनुसार, ४२ टक्के आहे. तरीही अनुदाने आधी दुचाकी, रिक्षा आणि बसना मिळाली. ट्रकची पाळी विजेवरील वाहनांना अनुदान देणाऱ्या केंद्र सरकारच्या २०२४ च्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत आली. त्यात ट्रकसाठी ५०० कोटी रुपये ठेवले गेले आणि जुलै २०२५ मध्ये एका ट्रकमागे कमाल ९.६ लाख रुपये साहाय्य जाहीर झाले.

अवजड ट्रकला शेकडो युनिट वीज साठवणारी बॅटरी लागते. ३०० युनिटांची बॅटरी साधारण दोन टन भरते. त्यामुळे मालाची क्षमता घटते आणि ट्रकवाल्याचे भाडे टनावर ठरत असल्याने ते त्याला परवडत नाही. घाटात हिशेब आणखी स्पष्ट दिसतो. ४० टनी कंटेनर ट्रेलर बोरघाटात सुमारे ५०० मीटर चढतो, तेव्हा नुसत्या उंचीपायी ५४ युनिटे खर्ची पडतात. उतरताना मात्र मोटरच जनित्र होऊन त्यातला काही भाग परत मिळवते आणि ब्रेकवरचा ताण हलका होतो. ब्रेक तापून निकामी झाल्याने या घाटात अपघात झाले आहेत, म्हणून हा फायदा इंधनबचतीइतकाच मोलाचा मानला पाहिजे.

ठरलेला मार्ग, छोटी फेरी आणि दोन्ही टोकांना चार्जिंग असेल, तिथे हे ट्रक आज चालू शकतात: बंदरे, सिमेंट व पोलाद कारखाने, खाणी. न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात २०२५ मध्ये बॅटरी बदलता येणाऱ्या अवजड ट्रकांचा ताफा सुरू झाला. रिकामी बॅटरी काढून भरलेली बसवायला काही मिनिटे पुरतात, त्यामुळे गाडी चार्जिंगला तासन्‌तास अडकत नाही.

उत्सर्जन किती घटते, ते विजेच्या स्रोतावर ठरते. लिटरभर डिझेल जळाले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. लिटरला तीन किलोमीटर जाणाऱ्या ट्रकमागे तो किलोमीटरला ०.९ किलो पडतो. विजेच्या ट्रकला किलोमीटरला सव्वा युनिट लागले आणि ग्रिडची वीज युनिटमागे सुमारे ०.७ किलो सोडत असली, तर आकडा जवळपास तोच येतो. (डिझेल शुद्ध करून पंपापर्यंत आणण्याचे उत्सर्जन यात धरलेले नाही.) खरी घट हवी असेल तर सौर वा पवन विजेचा करार ट्रकच्या खरेदीबरोबरच व्हायला हवा. उरण, कळंबोलीच्या रस्त्यांलगत राहणाऱ्यांच्या नाकातोंडात जाणारा डिझेलचा धूर मात्र कोणत्याही विजेवर थांबतो.

देशातले बहुसंख्य ट्रकमालक एक ते पाच गाड्यांचे आहेत. विजेचा अवजड ट्रक डिझेलच्या दुप्पट-तिप्पट किमतीला पडतो, वापरलेल्या विजेच्या ट्रकचा बाजारभाव अजून बसलेला नाही, त्यामुळे कर्ज देणाराही कचरतो. अनुदानासाठी जुना डिझेल ट्रक भंगारात काढल्याचा दाखलाही लागतो. त्यामुळे आजवरचे ट्रक प्रामुख्याने मोठ्या कंपन्यांच्या ताफ्यांतच दिसतात.