मायकेलअँजेलो मुडदे चोरायचा? नाही हो!

चर्चने शवविच्छेदनावर बंदी घातली होती म्हणून इटलीचा शिल्पकार-चित्रकार मायकेलअँजेलो रात्री लपूनछपून मुडदे कापायचा, ही गोष्ट शाळेपासून ऐकतोय आणि मलाही ती खरीच वाटायची, पण तसं काही नव्हतं. पोप बोनिफेस आठवे यांचा 1299 चा आदेश होता तो घरापासून लांब मेलेल्या माणसाची हाडं उकळून, वेगळी करून गावी न्यायच्या प्रथेविरुद्ध. वैद्यकाच्या अभ्यासाविरुद्ध नाही. इटलीतल्याच बोलोन्या शहरात तर 1315 च्या सुमारास मोंदिनो नावाचा वैद्यकाचा शिक्षक उघडपणे विच्छेदन करून शिकवत होता.

आणि मायकेलअँजेलोला प्रेतं दिली कोणी? फ्लॉरेन्सच्या सान्तो स्पिरितो मठाच्या प्रमुखानेच! तेव्हा पोरगा जेमतेम 17-18 वर्षांचा. उपकाराची फेड म्हणून त्याने मठाला लाकडी क्रूस करून दिला, तोच मानला जाणारा क्रूस आजही तिथे आहे. फोटो जरूर बघा, येशू अगदी कोवळा, सडपातळ, पूर्ण नग्न, मान एकीकडे कललेली आणि गुडघे दुसरीकडे वळलेले, त्यामुळे सगळ्या धडालाच हलका पीळ पडलाय. मेलेलं शरीर जवळून पाहिल्याशिवाय हे जमत नाही असं मला मनापासून वाटतं, आणि ते पाहायला दार उघडलं एका धर्मगुरूनेच.