ग्रँड कॅनियनचं एल तोवार फ्रेड हार्वीने बांधलेलं नाही

अमेरिकेच्या टुरिझमचा विषय निघाला की हमखास ऐकू येतं, रेल्वे स्टेशनांवर खाणावळी चालवणाऱ्या फ्रेड हार्वीने ग्रँड कॅनियनला एल तोवार हॉटेल बांधलं, तिथला टुरिझम त्यानेच सुरू केला. मला हे खरंच खटकतं कारण तारखाच जुळत नाहीत. फ्रेड गेला फेब्रुवारी १९०१ मध्ये, कॅन्ससमधल्या लेव्हनवर्थला, आणि कॅनियनच्या काठापर्यंत रेल्वेची पहिली पॅसेंजर गाडी पोचली सप्टेंबर १९०१ ला. हॉटेल तर १९०५ चं!

मग केलं कोणी? हॉटेल बांधलं सांता फे रेल्वेने, आणि फ्रेडच्या पश्चात ते चालवलं त्याचा मुलगा फोर्डने. मुलगी मिनी आणि जावई जॉन हकल यांनी नेटिव्ह अमेरिकन कलावस्तूंचं काम उभं केलं, त्याच्यासाठी मेरी कोल्टर नावाच्या बाईने डिझाइन केलेलं होपी हाऊस हे दुकानही १९०५ मध्येच उघडलं, पण या सगळ्यांची नावं कोणी घेतच नाही.

गोंधळ का झाला तर बाप गेल्यावरही फोर्डने धंदा 'फ्रेड हार्वी' याच नावाने चालू ठेवला, म्हणजे मेन्यूवर, पोस्टकार्डांवर सगळीकडे तेच नाव, मग लोकांना वाटणारच ना की माणूस अजून आहे.

याने फ्रेड लहान होत नाही हां. लंडनहून पोरवयात न्यूयॉर्कला आलेला, हॉटेलात भांडी घासणारा हा माणूस, १८७६ मध्ये टोपेका स्टेशनवर सांता फे रेल्वेच्या प्रवाशांसाठी त्याने खाणावळ चालवायला घेतली आणि स्वच्छ टेबलावर चांगलं जेवण दिलं, ते श्रेय पूर्ण त्याचंच. कॅनियनचं मात्र पोरांचं आणि रेल्वेचं.