इलेक्ट्रॉनच्या कारंज्याखाली उतरताना

गेल्या जुलैत आमचं विमान उतरता उतरता पुन्हा वर चढलं, एक मोठी घिरटी घालून दुसऱ्यांदा खाली आलं, पुन्हा वर गेलं आणि शेवटी मुंबईला परतलं. खाली गाव होतं, धावपट्टी होती, न्यायला आलेली माणसं होती. मध्ये फक्त पावसाळी ढगांचा थर. शेजारी बसलेले काका म्हणाले, “ढगांमुळे जीपीएस मिळालं नसणार.” मागच्या रांगेतूनही त्याला दुजोरा मिळाला.

हा समज फार पसरलेला आहे, आणि तो चुकीचा आहे. जीपीएसच्या लहरी ढगांतून, अगदी धो धो पावसातूनही जवळपास बिनबोभाट पार होतात. त्या लहरींना त्रास देणारी गोष्ट ढगांच्या कितीतरी वर, साडेतीनशे किलोमीटर उंचीच्या आसपास असते. ती डोळ्यांना दिसत नाही आणि नेमकी भारतावर ती फार दांडगाई करते.

आमचं विमान परतण्याचं कारण साधं होतं. मोठ्या विमानतळांवर धावपट्टीच्या कडेला आयएलएस नावाची यंत्रणा असते. तिचे अँटेना आकाशात तीन अंशांचा एक अदृश्य उतार आखून देतात आणि ढगात काही दिसत नसलं तरी वैमानिक त्या उतारावरून खाली येतो. ही यंत्रणा धावपट्टीच्या प्रत्येक टोकाला वेगळी बसवावी लागते, तिची सतत देखभाल आणि तपासणी करावी लागते. त्यामुळे छोट्या विमानतळांवर ती बहुधा नसते. मग एका ठरावीक उंचीपर्यंत खाली यायचं, धावपट्टी दिसली तर उतरायचं, नाही तर वर जायचं. ही उंची जितकी जास्त, तितकी पावसाळ्यात विमानं परत जाणार.

मग हा उतार उपग्रहांनीच का आखू नये?

कोणीही म्हणेल, खिशातला मोबाइल चार-पाच मीटरपर्यंत जागा बरोबर सांगतो, मग विमानाला अडचण कसली? पहिली अडचण उंचीची. आपण उपग्रहापासूनचं अंतर मोजतो ते लहरीला लागलेल्या वेळावरून, आणि प्रकाश एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात ३० सेंटिमीटर जातो. आडव्या दिशेत उपग्रह चहूबाजूंना असतात, म्हणून एकीकडची चूक दुसरीकडच्या चुकीने बरीचशी कापली जाते. उभ्या दिशेत सगळे उपग्रह वरच असतात, पायाखाली एकही नसतो. त्यामुळे उंचीतली चूक नेहमीच मोठी. आणि तीन अंशांच्या उतारावर उंची दहा मीटरने चुकली, तर जमिनीवर टेकण्याची जागा जवळजवळ १९० मीटरने सरकते.

आता दुसऱ्या अडचणीकडे, त्या वरच्या खोडकर थराकडे येऊ. माझा सगळ्यात आवडता भाग हाच.

सूर्याची अतिनील किरणं हवेच्या विरळ थरातल्या अणूंचे इलेक्ट्रॉन सुटे करतात. या थराला आयनांबर म्हणतात. सुट्या इलेक्ट्रॉनांच्या गर्दीतून जाताना जीपीएसच्या संदेशाला उशीर होतो. वाटेत जितके इलेक्ट्रॉन जास्त, तितका उशीर जास्त. एक चौरस मीटर तोंडाची उभी नळी जमिनीपासून उपग्रहापर्यंत धरली आणि तिच्यात एकावर सोळा शून्यं इतके इलेक्ट्रॉन असले, तर जीपीएसच्या १५७५.४२ मेगाहर्ट्झच्या लहरीला १६ सेंटिमीटर अंतराएवढा उशीर लागतो. ऐकायला किरकोळ वाटतं. पण आपल्याकडे भर दुपारी या नळीत त्याच्या शंभरपट इलेक्ट्रॉन असू शकतात. म्हणजे १६ मीटर.

“आपल्याकडे” म्हणण्याचं कारण पृथ्वीच्या चुंबकात आहे. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं. केरळातल्या थुंबा इथे १९६३ साली रॉकेट-तळ उभारला गेला तो याच कारणाने. तिथे पृथ्वीच्या चुंबकीय रेषा जमिनीला समांतर, दक्षिणेकडून उत्तरेकडे आडव्या पसरलेल्या असतात. दिवसा सुमारे शंभर किलोमीटर उंचीवरचे वारे तिथे पूर्वेकडे रोखलेलं विद्युतक्षेत्र तयार करतात. विद्युतक्षेत्र पूर्वेकडे आणि चुंबकीय क्षेत्र उत्तरेकडे असलं की विद्युतभारित कण दोन्हींना काटकोनात, म्हणजे सरळ वर ढकलले जातात. शाळेत डाव्या हाताच्या बोटांनी मोटारीचा नियम शिकलो, त्याच्याच कुळातली ही गोष्ट. कण काहीशे किलोमीटर वर चढतात. वर गेल्यावर गुरुत्व त्यांना खाली ओढतं, पण चुंबकीय रेषा ओलांडून ते सरळ खाली पडू शकत नाहीत. रेषांच्या कडेकडेने, घसरगुंडीवरून यावं तसे, ते उत्तरेला आणि दक्षिणेला घरंगळतात आणि पंधरा-वीस अंश दूर जाऊन साचतात.

कारंजं डोळ्यांपुढे आणा. पाणी मधून उसळतं, पण डबकी साचतात कडेला. या कारंज्याचं तोंड केरळ-तमिळनाडूच्या टोकावर आहे आणि त्याचं उत्तरेकडचं डबकं अहमदाबाद, भोपाळ, कोलकाता या पट्ट्यावर. महाराष्ट्र मधल्या उतारावर. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड अ‍ॅपल्टन यांनी १९४६ साली ही दोन डबकी दाखवून दिली, आणि इलेक्ट्रॉन चुंबकीय रेषांवरून सरकत असावेत ही कल्पना त्याच सुमारास मांडली कोलकात्याचे भौतिकशास्त्रज्ञ शिशिरकुमार मित्र यांनी. ते स्वतः त्या डबक्याच्या खालीच राहत होते!

विमानं सुरक्षित उतरवायची तर या कारंज्याचा नकाशा सतत, जवळजवळ त्या क्षणाचा, हाती हवा. इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनी मिळून उभारलेली ‘गगन’ यंत्रणा हेच काम करते. देशभर तिची १५ संदर्भ केंद्रं आहेत, त्यांत नागपूर आणि गोवाही आहेत. प्रत्येक केंद्राला स्वतःची जागा अगदी काटेकोर ठाऊक असते, त्यामुळे उपग्रह काय सांगतो आणि खरं काय, यातला फरक लगेच कळतो. हे फरक बेंगळुरूच्या मुख्य केंद्रात जमतात. तिथून दुरुस्त्या जीसॅट-८, जीसॅट-१० आणि जीसॅट-१५ या उपग्रहांवर जातात आणि तेथून, जीपीएसच्याच लहरीवर, विमानात.

दुरुस्तीचा नकाशा पाच-पाच अंशांच्या चौकोनांत बांधलेला असतो. एक चौकोन साधारण ५५० किलोमीटरचा. अमेरिकेने २००३ साली अशीच यंत्रणा सुरू केली तेव्हा आयनांबर म्हणजे एक पातळ, गुळगुळीत कवच असं धरून काम भागलं, कारण तिथला आयनांबर बहुतेक दिवस शहाण्यासारखा वागतो. भारतावर एका चौकोनाच्या या टोकाला उशीर थोडा आणि त्या टोकाला कितीतरी मीटर जास्त, अशी स्थिती रोजची. एकाच पातळ कवचाने भागेना, म्हणून इस्रोच्या शास्त्रज्ञांनी वेगवेगळ्या उंचीचे अनेक थर धरून त्यांचा मेळ घालणारं स्वतःचं गणित बसवलं. मला या प्रकल्पाचा सर्वात जास्त अभिमान वाटतो तो इथे.

आणि दुरुस्तीपेक्षाही महत्त्वाची आहे तिच्याबरोबर येणारी दुसरी संख्या: या दुरुस्तीवर किती विसंबायचं. विमानातला संगणक क्षणोक्षणी हिशेब करतो की माझी उंची जास्तीत जास्त किती चुकलेली असू शकेल. हा आकडा ५० मीटरच्या वर गेला की मार्गदर्शन बंद, वैमानिक विमान वर घेतो. यंत्रणेने न सांगता चुकण्याची शक्यता विमान एकदा उतरताना एक कोटीत दोनपेक्षा जास्त असता कामा नये, आणि काही बिघडलं तर सूचना दहा सेकंदांच्या आत मिळाली पाहिजे. मोबाइल असं काहीही कबूल करत नाही. तो चुकला तरी निळा ठिपका तितक्याच आत्मविश्वासाने दाखवतो.

२१ एप्रिल २०१५ रोजी गगनला विमानं अशी उतरवण्यासाठी प्रमाणपत्र मिळालं. त्याच वर्षी जानेवारीत मुंबईच्या विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन भारतातल्या विमानांवर व्याख्यान झालं होतं, आणि ते आजही फिरवलं जातं. ज्या ग्रंथावर असे दावे उभे असतात तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे आणि त्यातली विमानं उडूच शकत नाहीत, हे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्येच दाखवलं होतं. खोट्या विमानांची चर्चा घरोघरी आणि गगनचं नाव कोणाला माहीत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. उलट टोकाची अतिशयोक्तीही नको. गगन म्हणजे “भारताचं स्वतःचं जीपीएस” नव्हे. ते अमेरिकेच्या जीपीएसला दुरुस्त करतं. आपले स्वतःचे दिशादर्शक उपग्रह म्हणजे नाविक, आणि ती यंत्रणा वेगळी.

२८ एप्रिल २०२२ रोजी राजस्थानातल्या किशनगढ विमानतळावर इंडिगोचं एटीआर विमान गगनच्या आधाराने उतरलं. आशिया-पॅसिफिक भागात हे पहिल्यांदाच घडत होतं. या पद्धतीत धावपट्टी दिसण्याआधी २५० फुटांपर्यंत खाली येता येतं, जमिनीवर आयएलएस नसताना. १ जुलै २०२१ नंतर भारतात नोंदल्या गेलेल्या विमानांत गगनचं उपकरण बंधनकारक आहे, आधीच्या विमानांत नाही. शिवाय प्रत्येक धावपट्टीसाठी डोंगर, मनोरे, झाडं मोजून वेगळा मार्ग आखून तपासावा लागतो. म्हणून हे काम विमानतळागणिक हळूहळू होतं.

दोन गोष्टी मात्र अजून सुटलेल्या नाहीत. पहिली, उपग्रहाचा संदेश जमिनीवर पोचतो तेव्हा फार क्षीण असतो. एका वॅटचे एक कोटी भाग करा, त्यातल्या एकाचे पुन्हा शंभर कोटी भाग करा, तेवढा. जमिनीवरून कोणी बनावट संदेश जोरात सोडला तर तो सहज वरचढ ठरतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीजवळ असं घडल्याच्या बातम्या आल्या आणि सरकारनेही संसदेत ते मान्य केलं. मोठ्या विमानतळांवरची आयएलएस काढून टाकू नये, असं मला वाटतं ते त्यामुळेच.

दुसरी गोष्ट पुन्हा कारंज्याची. उद्याची विमानं ११७६.४५ मेगाहर्ट्झची दुसरी लहरही ऐकतील. तिला आयनांबरात पहिलीच्या १.८ पट उशीर लागतो, त्यामुळे दोन्हींची तुलना करून विमान वाटेतले इलेक्ट्रॉन स्वतःच मोजेल आणि नकाशाची गरज बरीच कमी होईल. पण सूर्य मावळल्यावर आयनांबराचा खालचा भाग विरळ होतो, वर दाट आणि खाली हलका अशी उलटी मांडणी होते आणि हलका भाग बुडबुड्यांसारखा वर घुसतो. या बुडबुड्यांतून येणारी लहर ताऱ्यासारखी लुकलुकते, कधी काही क्षण पूर्ण हरवते. दोन्ही लहरी हरवतात. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या संध्याकाळी, आकाश निरभ्र असतानाही, हे घडतं. जुलैतल्या त्या काकांना सांगायला हवं होतं: ढग नसलेल्या त्या संध्याकाळीच उपग्रह खरे हरवतात.