शेतजमिनीच्या हद्द कायम मोजणीचा अर्ज : नाशिक जिल्ह्यातील खातेदारांसाठी माहिती

सातबारा उताऱ्यावरून जमीन कोणाची आणि किती हे कळते; ती बांधावर नेमकी कोठून कोठपर्यंत आहे, हे मात्र भूमी अभिलेख खात्याच्या नकाशावरून ठरते. पहिले दप्तर गावच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याकडे असते आणि दुसरे तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्या कार्यालयात असते. निफाड किंवा दिंडोरी तालुक्यात, जेथे द्राक्षबागेच्या कडेचा एक गुंठाही सोडवत नाही, तेथे दोन्ही शेजाऱ्यांचे सातबारे बिनचूक असूनही बांधावरून भांडण का होते, याचे उत्तर या दोन दप्तरांच्या अंतरात आहे. ते अंतर मिटवण्याचा खातेदाराच्या हातातला मार्ग म्हणजे हद्द कायम मोजणी.

जुनी मोजणी साखळीने झाली. 33 फुटांची साखळी आणि 33 फूट लांब, 33 फूट रुंद म्हणजे 1,089 चौरस फुटांचा गुंठा, हे माप आजही आपल्या बोलण्यात आहे. त्या मोजणीची टिपणे (जागेवर घेतलेल्या मापांच्या नोंदी), पुढे पोटहिस्से म्हणजे एका नंबरचे वाटणीचे भाग पडले तेव्हाची फाळणी (त्या भागांच्या मोजणीचे कागद) आणि आकारबंद (प्रत्येक नंबरच्या क्षेत्राची नोंद), एवढ्या कागदांवर आजचा प्रत्येक नकाशा उभा आहे. 1947 च्या तुकडेबंदी व तुकडेजोड कायद्यानुसार ज्या गावांत एकत्रीकरण योजना राबवली गेली, तेथे सर्वे नंबर जाऊन गट नंबर आले. म्हणून आजोबांच्या खरेदीखतात एक नंबर आणि आजच्या सातबारावर दुसरा, असे अनेक घरांत आढळते. अशा खातेदाराने एकत्रीकरण योजनेचा उतारा काढून जुना आणि नवा नंबर जुळवून घ्यावा आणि मगच अर्जाकडे वळावे.

आता मोजणी रोव्हर यंत्राने होते. हे यंत्र उपग्रहांचे संकेत घेते, कायमस्वरूपी संदर्भ केंद्रांकडून मिळणाऱ्या दुरुस्तीने ते अचूक करते आणि प्रत्येक कोपऱ्याचे अक्षांश-रेखांश नोंदवते. याचा फायदा मोठा आहे, कारण दगड उपटला गेला तरी बिंदू पुन्हा शोधता येतो. परंतु यंत्र आजची जागा अचूक सांगते. ती जागा जुन्या अभिलेखाप्रमाणे योग्य आहे की नाही, हे भूकरमापकाला, म्हणजे मोजणी करणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्याला, टिपण आणि फाळणीशी पडताळूनच ठरवावे लागते. केंद्र सरकारचा भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम 2008 पासून आणि आजच्या डिजिटल इंडिया नावाने 2016 पासून चालू आहे. त्या कामात जुना नकाशा संगणकावर चढला की त्यातील जुनी चूकही सोबत चढते, आणि ती पहिल्यांदा लक्षात येते ती मोजणीच्या दिवशीच.

अर्ज कोणी करावा, याचे उत्तर सोपे आहे : ज्याचे नाव चालू सातबारावर आहे त्याने. सामाईक खात्यात हद्द कायम मोजणीचा अर्ज एक सहधारकही करू शकतो. पोटहिस्सा मोजणीसाठी मात्र सर्व सहधारकांची संमती लागते, कारण तेथे हद्द दाखवण्याबरोबरच क्षेत्राची विभागणी होत असते. खरेदीखत नोंदवले आहे पण फेरफार मंजूर झालेला नाही, किंवा वडील वारले आहेत पण वारस नोंद राहिली आहे, अशांनी आधी ती नोंद पूर्ण करावी. माझ्या मते सर्वाधिक अर्ज येथेच अडकतात, आणि त्याचे वाईट वाटते, कारण वारस नोंदीचे काम खर्चिक नाही. ते केवळ पुढे ढकललेले असते.

कागदपत्रे थोडी आहेत. तीन महिन्यांच्या आतील सातबारा, ओळखपत्र, प्रतिनिधीमार्फत अर्ज असल्यास कुलमुखत्यारपत्र आणि जमिनीचा हाताने काढलेला कच्चा नकाशा. या कच्च्या नकाशाकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. त्यात चतुःसीमा, कोणती हद्द वादात आहे ती बाजू आणि चारही दिशांच्या लगतच्या खातेदारांची पूर्ण नावे व पत्ते द्यावे लागतात, कारण मोजणीची नोटीस त्याच पत्त्यांवर जाते. लगतचा खातेदार नोकरीनिमित्त मुंबईला राहत असेल आणि नोटीस गावातल्या बंद घरी गेली, तर पुढे तो मोजणी अमान्य करण्याचे कारण म्हणून हेच पुढे करतो. बिनशेती जमिनीसाठी बिनशेती आदेश आणि मंजूर रेखांकन जोडावे लागते.

अर्जाआधी आणखी एक काम करावे. सातबारावरील क्षेत्र आणि आकारबंदातील क्षेत्र जुळते का, हे पाहावे. सातबारावर 1 हेक्टर 20 आर आणि आकारबंदात 1 हेक्टर 12 आर असेल, तर ते 8 आर जमिनीवर कोणत्याही यंत्राने सापडणार नाहीत. ही तफावत लेखनप्रमादाची असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 155 प्रमाणे तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो. पुराव्यादाखल जुने फेरफार आणि जुने हस्तलिखित सातबारे जोडावेत.

अर्ज ई-मोजणी प्रणालीवर ऑनलाइन करता येतो किंवा तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात देता येतो. शुल्काचे चलन भरल्यावर मोजणी रजिस्टर क्रमांक मिळतो आणि पुढे भूकरमापक व मोजणीची तारीख कळते. डिसेंबर 2024 पासून नियमित आणि द्रुतगती असे दोनच प्रकार राहिले असून ग्रामीण भागात एका गटातील 2 हेक्टरपर्यंतच्या क्षेत्रासाठी त्यांचे शुल्क अनुक्रमे 2 हजार आणि 8 हजार रुपये ठरवण्यात आले. शुल्क शासन निर्णयाने बदलते, त्यामुळे चलन काढताना प्रणालीवर दिसणारी रक्कमच ग्राह्य धरावी.

तारखेचा विचार नाशिकच्या पिकांप्रमाणे करावा. रोव्हरला मोकळे आकाश लागते; उंच उसात किंवा पानांनी भरलेल्या मंडपाखाली बिंदू घेणे कठीण जाते. उसाची तोड झाल्यावर किंवा एप्रिल अथवा ऑक्टोबरच्या छाटणीनंतर बाग मोकळी असताना मोजणी येईल, अशा बेताने अर्ज आधीच करावा. इगतपुरी, पेठ आणि सुरगाणा या पावसाच्या तालुक्यांत पावसाळ्यातील तारीख स्वीकारणे म्हणजे बहुधा ती वाया घालवणे होय.

मोजणीच्या दिवशी अर्जदाराने स्वतः हजर राहावे, हद्दीच्या खुणांसाठी दगड, चुना आणि मजूर तयार ठेवावेत. खुणा दाखवून झाल्यावर जबाब आणि पंचनामा वाचूनच सही करावी. हरकत असेल तर ती तेथेच लेखी द्यावी. लगतच्या खातेदारालाही तोच हक्क आहे, आणि त्याला सन्मानाने बोलावून घेतल्यास निम्मा वाद जागेवरच निवळतो.

त्यानंतर मिळणारा नकाशा म्हणजे ‘क’ प्रत. त्यात अभिलेखाप्रमाणे येणारी हद्द आणि प्रत्यक्ष वहिवाट वेगवेगळ्या रेषांनी दाखवलेली असते. या दोन रेषांमधली जागा म्हणजे अतिक्रमण. येथे अनेकांची निराशा होते, कारण मोजणीने अतिक्रमण सिद्ध करण्यास पुरावा मिळतो, ताबा मिळत नाही. शेजारी आपणहून मागे सरला नाही, तर दिवाणी न्यायालयात जावे लागते आणि तेथे ही ‘क’ प्रत महत्त्वाचा कागद ठरते. मोजणीच मान्य नसेल, तर ‘क’ प्रत हाती येताच वेळ न दवडता निमताणा मोजणीसाठी, म्हणजे झालेल्या मोजणीच्या फेरतपासणीसाठी, अर्ज करावा. ती मोजणी भूकरमापकाच्या वरचा अधिकारी करतो. अर्जात मात्र ‘मोजणी चुकीची आहे’ एवढे न लिहिता कोणता कोपरा, कोणत्या टिपणाशी, किती फरकाने जुळत नाही, हे नमूद करावे.

गावठाणातील घराच्या जागेला हा अर्ज लागू नाही. तेथे 24 एप्रिल 2020 रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका दिली जाते. आपल्या गावात या मिळकतींची हक्कचौकशी झाली आहे का, हे तालुक्याच्या त्याच कार्यालयात विचारावे.