कॅसेट टाकून देण्याआधी एकदा दाखवा

जुनी कॅसेट लावली आणि आवाज घोंगडीखालून यावा तसा दबका आला, की "कॅसेट गेली" म्हणून ती अडगळीत पडते. आमच्या बेळगावच्या दुकानात आम्ही कॅसेटींवरचा आवाज पेनड्राइव्हवर उतरवून देतो, तिथे अशा पुष्कळ कॅसेटी येतात. फीत धडधाकट असते, खोट निघते टेपरेकॉर्डरची.

कॅसेटची फीत जेमतेम ३.८१ मिमी रुंद, आणि ती सेकंदाला ४.७६ सेंमी सरकते. एवढ्या संथ चालीत बारीक आवाज पकडायचा तर हेड, म्हणजे टेपरेकॉर्डरचा फितीवरचा आवाज वाचणारा भाग, फितीला अगदी काटकोनात हवं. केसभर कललं, तरी टाळ, बांगड्यांची किणकिण, 'स' आणि 'श' आधी जातात. खानापूरच्या एक ताई वडिलांच्या भजनाची कॅसेट घेऊन आल्या. "टाळ ऐकूच येईना झालेत की हो!" हेडशेजारचा स्क्रू पाव फेराही फिरवला नसेल, टाळ खणखणू लागले. मूळ रेकॉर्डिंगच तिरक्या हेडवर झालं होतं. म्हणून आम्ही दर कॅसेटला हेड नव्याने जुळवतो. घरी मात्र त्या स्क्रूला हात लावू नका. त्याची जागा चुकली, की घरातल्या चांगल्या कॅसेटीही दबक्या वाजतील.

आवाज येत-जात असेल तर कॅसेटमधला, फीत हेडवर दाबून धरणारा चिमुकला पॅड गळालेला असतो. तो बदलता येतो. गाणं हेलकावे खात असेल तर बहुधा टेपरेकॉर्डरमधला, फीत फिरवणारा रबरी बेल्ट सैल.

काही गोष्टी हाताबाहेरच्या. शब्दाआधी त्याची पुसट चाहूल ऐकू येते, ती रिळावरच्या एका वेढ्याचा आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटल्याने. ९० मिनिटांची फीत ६० च्या फितीपेक्षा पातळ, म्हणून तिच्यात हे जास्त. हेडला चुंबकत्व चढलेल्या टेपरेकॉर्डरवर कॅसेट वाजत राहिली, तर बारीक आवाज पुसट होत जातो. तो परत आणून देऊ, असं आम्ही सांगणार नाही.

आपल्याकडच्या पावसाळ्यात रिळाच्या कडेला पांढरे ठिपके धरतात. ती बुरशी. अशी कॅसेट लावूनही बघू नका, हेडवरून ती दुसऱ्या कॅसेटींना लागते. तशीच वेगळ्या पिशवीत घालून आणा. फीत बाहेर आली असेल तर ओढू नका, तोडू नका, गुंत्यासकट चालेल.

पेनड्राइव्ह तुमचा आणा. तासाभराच्या कॅसेटला सुमारे ६०० एमबी जागा लागते. खरखर आम्ही बेताचीच काढतो, जास्त काढली की टाळही तिच्याबरोबर जातात. कॅसेटवर काय आहे हे कागदावर लिहून द्या, मराठीत किंवा कन्नडात.