आधी स्फटिक, मग वेळापत्रक

उन्हाळ्याच्या सुट्टीत विद्यापीठाचा परिसर रिकामा होतो, वसतिगृहात खोल्या मिळतात आणि एरवी नमुन्यांची रांग लागलेला क्ष-किरण डिफ्रॅक्टोमीटर (स्फटिकावर क्ष-किरण टाकून ते कसे विखुरतात हे मोजणारे यंत्र) सलग काही दिवस हाती येतो. स्फटिकशास्त्राच्या कार्यशाळेसाठी याहून चांगला काळ नाही. तरीही अशा कार्यशाळा पुष्कळदा व्याख्यानांतच संपतात, कारण वक्त्यांच्या तारखा आधी ठरतात आणि स्फटिक कधी वाढणार, यंत्र किती तास लागणार हा हिशेब सर्वांत शेवटी होतो. तो आधी व्हायला हवा. प्रत्येक गटाने स्वतः वाढवलेल्या स्फटिकावर स्वतः मोजणी करून त्यातली अणुरचना काढायची, एवढे साधायचे असेल तर वेळापत्रक यंत्रापासून मागे मोजत लिहावे लागते.

२४ प्रशिक्षणार्थी धरले तर चौघांचे ६ गट होतात. स्फटिक निवडून बसवायला अर्धा तास, तो क्ष-किरणांच्या शलाकेच्या (झोताच्या) मध्यावर आणून एकक कोष (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणारा सर्वांत लहान ठोकळा) काढायला आणखी अर्धा तास आणि वेगवान डिटेक्टरवर पूर्ण मोजणीला दीड-दोन तास. गटामागे ३ तास, म्हणजे एकूण १८. दिवसाला तीन गट घेतले तरी दोन दिवस जातात, तेही काहीच बिघडले नाही तर. म्हणून तिसरा दिवस राखून ठेवावा आणि रात्रीचे तास प्रथिनांच्या लांब मोजणीला द्यावेत. यंत्राच्या खोलीत एका वेळी एकच गट असावा. गर्दीने खोली तापते, आणि तापमान हलत राहिले की मोजणीही हलते. बाकीच्यांना बाहेर पडद्यावर सगळे दिसते.

पहिला पदार्थ म्हणून मोरचूद (निळे कॉपर सल्फेट) फार उपयोगी आहे. रंगामुळे स्फटिक चटकन दिसतात, आणि त्याच्या रचनेत एक खरा प्रश्न दडलेला आहे. रासायनिक सूत्रात पाण्याचे पाच रेणू एकसारखे लिहिलेले असतात. पण स्फटिकात चार रेणू तांब्याला जोडलेले असतात आणि पाचवा नुसत्या हायड्रोजन बंधांनी अडकलेला असतो. बीव्हर्स आणि लिप्सन यांनी १९३४ साली ही रचना काढली, तेव्हा सगळी गणिते हाताने करावी लागत. आज तेच उत्तर विद्यार्थ्याला एका दुपारी मिळते.

१०० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाणी ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून त्यात ४० ग्रॅम मोरचूद विरघळवावे, द्रावण गरम असतानाच गाळावे आणि भांड्यावर गाळणकागद टाकून ते हळूहळू निवू द्यावे. उन्हाळ्यातली अडचण इथेच येते. २० अंशांना एवढ्या पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मोरचूद मावते, ३० अंशांना सुमारे ४५. खोली ३० अंशांवर असेल तर ४० ग्रॅमचे द्रावण संपृक्तच (मावेल तेवढ्या पदार्थाने भरलेले) होत नाही आणि सकाळी भांड्यात नुसते निळे पाणी सापडते. खोलीचे रात्रीचे तापमान आधी मोजून मात्रा ठरवावी. उलट, भांडे थेट बर्फात ठेवले तर एकमेकांत घुसलेल्या बारीक स्फटिकांचा गाळ मिळतो. उरलेले द्रावण सांडपाण्यात सोडू नये. तांबे जलचरांना घातक आहे.

मोठा, सुंदर स्फटिक हवा ही समजूत पहिल्याच दिवशी दूर करावी. मोजणीला ०.१ ते ०.२ मिलिमीटरचा, सर्व बाजूंनी साधारण सारखा कण लागतो. मोठ्या कणात तांबे क्ष-किरण शोषून घेते, शिवाय कण शलाकेबाहेर राहतो. निवड ध्रुवित (एकाच दिशेने कंप पावणाऱ्या) प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली करावी: मंच फिरवताना चांगला स्फटिक दर ९० अंशांनी एकदम आणि पूर्ण काळवंडतो. अर्धा काळा आणि अर्धा उजळ दिसला तर ते दोन स्फटिक चिकटलेले आहेत. शेजारी तुरटीचा कण ठेवून दाखवावा. तुरटी घनीय (सर्व दिशांना सारखी) असल्याने सतत काळीच राहते, आणि सममिती म्हणजे काय हे व्याख्यानाआधीच डोळ्यांना कळते. निवडलेला कण लगेच दाट, निष्क्रिय तेलात बुडवावा; कोरड्या, उष्ण हवेत मोरचूद पाणी सोडून पांढरे पडते. तेल मात्र बेताचेच. जास्तीचे तेल प्रत्येक चित्रात धुरकट पार्श्वभूमी देते.

प्रथिनासाठी कोंबडीच्या अंड्यातला लायसोझाइम घ्यावा. क्ष-किरणांनी रचना उलगडलेले हे पहिले विकर (एन्झाइम), १९६५ साली. ५० मिलिग्रॅम लायसोझाइम १ मिलिलिटर सोडियम अ‍ॅसिटेट बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणारे द्रावण; ५० मिलिमोलर, पीएच ४.६) विरघळवून दहा मिनिटे सेंट्रिफ्यूज करावा. २४ खळग्यांच्या प्लेटमध्ये चार ओळी आणि सहा स्तंभ असतात, म्हणजे गटाला एक प्लेट आणि प्रत्येकाला एक ओळ. सहा स्तंभांत त्याच बफरमधले ३ ते ८ टक्के मीठ, प्रत्येकी अर्धा मिलिलिटर. काचेच्या कव्हरस्लिपवर २ मायक्रोलिटर प्रथिन आणि २ मायक्रोलिटर खळग्यातले द्रावण एकत्र करून स्लिप उलटी ठेवावी आणि कडेला ग्रीस पूर्ण लावावे. सहा प्लेटना मिळून प्रथिन ०.३ मिलिलिटरहून कमी लागते. उरलेले दुसऱ्या प्रयत्नासाठी ठेवावे.

सकाळी त्या ओळीतच विद्राव्यतेचा धडा दिसतो: कमी मिठात थेंब स्वच्छ, मध्ये मोजके मोठे स्फटिक, शेवटी बारीक स्फटिकांचा पाऊस. लायसोझाइमची विद्राव्यता तापमानाबरोबर वाढते. रात्री वातानुकूलन बंद झाले तर सगळी ओळ स्वच्छ राहू शकते, म्हणून प्लेट १८ ते २० अंशांच्या इन्क्युबेटरमध्येच ठेवाव्यात. ग्रीसमध्ये फट राहिली तर थेंब सुकतो आणि मिठाचेच स्फटिक येतात. सुईने दाबल्यावर मीठ कडकन फुटते, प्रथिन मऊपणे चुरडते. ध्रुवित प्रकाशात मीठ काळे राहते. पण प्लास्टिकची प्लेट स्वतःच रंग दाखवते, म्हणून ही परीक्षा काचेवर घ्यावी.

विवर्तनाची (बारीक रचनेतून जाताना लाटा पसरून ठराविक जागी ठिपके देतात त्या घटनेची) ओळख सूत्राने करू नये. ०.१ मिलिमीटर अंतराच्या जाळीतून ६५० नॅनोमीटरचा लाल लेसर ३ मीटरवरच्या भिंतीवर पाडला तर ठिपके सुमारे २ सेंटिमीटर अंतरावर पडतात. जाळी दुप्पट बारीक घेतली की अंतर ४ सेंटिमीटर होते. मग मोरचुदाच्या १०.७ अँगस्ट्रॉमच्या (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोट्यांश) कोषाचे ठिपके विरळ आणि लायसोझाइमच्या ७९ अँगस्ट्रॉमच्या कोषाचे दाट का, हे विद्यार्थी आपणच सांगतात. लेसर कोणाच्याही डोळ्यांच्या रेषेत येणार नाही अशी मांडणी करावी.

सुरक्षेत तडजोड नाही. यंत्राचे दरवाजे उघडताच शलाका बंद करणारी कुलूपव्यवस्था कोणीही, कोणत्याही घाईत, वळसा घालून चालवू नये. प्रथिनाची मोजणी द्रव नायट्रोजनच्या मदतीने १०० केल्व्हिनला (उणे १७३ अंश सेल्सिअस) होते, आणि एक लिटर द्रव नायट्रोजनचा जवळजवळ ७०० लिटर वायू होतो; खोलीत ऑक्सिजनचा इशारा देणारे यंत्र हवे, आणि भरलेल्या भांड्यासोबत कोणी लिफ्टमध्ये चढू नये. गोठवण्याआधी स्फटिक २५ टक्के ग्लिसरॉलमधून काढावा, नाहीतर चित्रावर ३.९, ३.६७ आणि ३.४४ अँगस्ट्रॉमला बर्फाची वर्तुळे उमटतात. स्फटिक दिसताना स्वच्छ असून वर्तुळे आली तर थंड वायूचा झोत सरकला आहे का ते पाहावे.

संगणकाची तयारी बहुतेक सगळ्या आयोजकांना सोपी वाटते, आणि सगळ्यात जास्त वेळ तिथेच वाया जातो. मोजणीवरून रचना काढणाऱ्या शेलएक्ससारख्या संगणक प्रणालींना नावनोंदणी लागते. ती दोन आठवडे आधी उरकावी आणि सर्वांकडे एकच आवृत्ती असावी. आधी मोजलेला मोरचुदाचा पूर्ण डेटा पेनड्राइव्हवर तयार ठेवावा, म्हणजे यंत्र बंद पडले तरी वर्ग थांबत नाही.

रचना सुधारताना आर-मूल्य (मोजणी आणि रचनेवरून काढलेले आकडे यांतली तफावत) ५ टक्क्यांखाली आले की विद्यार्थ्यांना काम संपल्यासारखे वाटते. तेव्हा गंधकाच्या जागी फॉस्फरस लिहून पुन्हा गणित चालवायला सांगावे. एका इलेक्ट्रॉनचाच फरक असल्याने मूल्य जेमतेम हलते. चूक पकडायची ती रसायनाने: अणूचे लंबगोल (त्याचे कंपन दाखवणारे आकार) शेजाऱ्यांशी जुळतात का, बंधांची लांबी पटते का. पाण्याचे हायड्रोजन फरक-नकाशात (मोजलेल्या आणि मांडलेल्या इलेक्ट्रॉन घनतेतला फरक दाखवणाऱ्या नकाशात) शोधायला पूर्ण सकाळ द्यावी. क्ष-किरणांना दिसणारे ऑक्सिजन-हायड्रोजन अंतर ०.८५ अँगस्ट्रॉमच्या आसपास येते, खऱ्या ०.९६ पेक्षा कमी, कारण किरणांना केंद्रक नव्हे, इलेक्ट्रॉन दिसतात आणि ते ऑक्सिजनकडे ओढलेले असतात. शेवटी प्रत्येक गटाची सिफ फाइल (रचनेची माहिती ठेवणारी प्रमाणित फाइल) चेकसिफ या तपासणी प्रणालीवर तपासावी आणि मिळालेले इशारे दुसऱ्या गटाला वाचायला द्यावेत. पाचव्या पाण्याचे बंध नीट मांडले आहेत की नाही, हे परक्या डोळ्यांना लवकर दिसते.