थंडीचे तडे (प्लास्टिकच्या होड्यांचे)

प्लास्टिकच्या कवचाच्या लहान शिडाच्या होड्यांना आणि कनूंना (वल्ह्याने हाकायच्या अरुंद होड्यांना) थंड हवेत जाणारे तडे. हे तडे सहसा कवचाच्या मोकळ्या भागात सुरू होत नाहीत. स्क्रूच्या भोकापासून, काठाच्या पट्टीपासून किंवा डोलकाठीच्या खाचेच्या कोपऱ्यातून ते निघतात आणि आत धावतात. होडी कशावरही आपटलेली नसते. रात्री धड ठेवलेली होडी सकाळी चिरलेली सापडते, म्हणून दोष थंडीला दिला जातो. थंडी हे अर्धेच कारण आहे आणि उरलेले अर्धे कोकणातही आहे.

प्लास्टिक थंडीत आखडते, तेही लाकूड किंवा धातूपेक्षा कितीतरी जास्त. एबीएस प्लास्टिकची ४ मीटर लांबीची होडी ४० अंशांनी थंड झाली, तर तिची लांबी साधारण १२ ते १३ मिलिमीटरने घटू पाहते. तेवढ्याच लांबीची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी जेमतेम ४ मिलिमीटर आखडते आणि लाकडाची पट्टी तर १ मिलिमीटरही नाही. कवच अशा पट्टीला स्क्रूने घट्ट आवळलेले असेल, तर त्याला आखडायला वाव मिळत नाही. सगळा ताण भोकांच्या कडांवर येतो आणि तिथूनच चीर निघते. रॉयलेक्स नावाच्या थरांच्या एबीएस पत्र्यापासून केलेल्या आणि लाकडी काठ लावलेल्या कनूंना उत्तर अमेरिकेत हा त्रास इतका ओळखीचा आहे, की हिवाळ्याआधी काठाचे स्क्रू ढिले करून ठेवण्याची तिथे रीतच पडली. दक्षिण कोकणात आणि गोव्यात रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या, होड्यांच्या फळ्या काथ्याने शिवत. लाटेचा मार बसला की तो सांधा थोडा देतो. कारण वेगळे असले, तरी सांध्याला हलायला जागा ठेवण्याचे शहाणपण तेच.

सगळी प्लास्टिके थंडीत सारखी वागत नाहीत. शुद्ध पॉलिप्रोपिलीन शून्य अंशाच्या आसपासच ठिसूळ होऊ लागते. म्हणून थंडीत वापरायच्या वस्तूंसाठी त्याची सुधारलेली जात घेतात. इयन प्रॉक्टर यांनी आखलेली टॉपर ही ३.४ मीटरची होडी पॉलिप्रोपिलीनचीच असते. साच्यात फिरवून ओतलेल्या पॉलिएथिलीनच्या होड्या आणि कयाक मात्र शून्याखालीही बऱ्यापैकी चिवट राहतात. त्यांना थंडीत खरा धोका असतो तो पोटात साचलेल्या पाण्याचा, कारण पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते.

कोकण किनाऱ्यावर यातले काही घडत नाही. दापोलीला पहाटे पारा कधीकधी १० अंशांखाली उतरतो, पण दापोली डोंगरावर आहे. किनाऱ्यावर तेवढाही गारठा नसतो. गंमत अशी, की परदेशी होडीसोबत आलेल्या पुस्तिकेत ज्या महिन्यांत होडी घरात ठेवा असे बजावलेले असते, तेच नोव्हेंबर ते फेब्रुवारीचे महिने इथे शीड उभारायला सगळ्यांत चांगले. पुस्तिकेतला हिवाळा इथे जूनला सुरू होतो.

इथला शत्रू ऊन. उन्हातल्या अतिनील किरणांनी प्लास्टिकच्या लांब साखळ्या तुटतात, पृष्ठभाग पांढुरका व खडूसारखा होतो आणि बोट फिरवले की भुकटी लागते. अशा कातडीवर बारीक चिरा पडल्या, की पुढे साध्या धक्क्यानेही त्या खोल जातात. पॉलिप्रोपिलीन यात विशेष नाजूक आहे. शिवाय एप्रिल-मेच्या उन्हात गडद रंगाचा पृष्ठभाग ६० अंशांच्या घरात तापतो आणि पहाटेपर्यंत पुन्हा २५ अंशांपर्यंत उतरतो. थंड देशात उन्हाळा ते हिवाळा एवढ्या काळात होणारे आकुंचन-प्रसरण इथे वाळूवर उघडी पडलेली होडी जवळपास रोज सोसते. तापलेले प्लास्टिक मऊ असल्याने लगेच चिरत नाही. आवळलेल्या स्क्रूपाशी ते फुगते, भोके लांबट होतात आणि कडा थकत जातात. तडा जातो तो बऱ्याच महिन्यांनी, आणि तो दिसतो तेव्हा नेमके डिसेंबरातले गार दिवस असले, तर दोष पुन्हा थंडीच्याच माथी.

राज्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्याआधी होड्या वर ओढून झापांनी किंवा ताडपत्रीने शाकारतात आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास पुन्हा पाण्यात लोटतात. प्लास्टिकच्या होडीला हीच रीत चालते, फक्त टेकू बदलावे लागतात. लाकडी मचवा दोन ओंडक्यांवर महिनोन्महिने राहतो. पॉलिएथिलीनचे कवच तसेच ठेवले, तर ओंडक्याच्या जागी कायमचा खळगा पडतो आणि पुढे वाळूवर ओढताना नेमकी तीच जागा फाटते. रुंद पट्ट्यांवर, गादीसारख्या जुन्या टायरांवर किंवा सरळ पालथी घालून ठेवलेली बरी. झाकण हवेशीर असावे, निचऱ्याचे बूच काढलेले असावे. साबणाच्या दाट पाण्याने धुऊन ताणातच सुकू देणे टाळावे, कारण ताणाखालच्या पॉलिएथिलीनला साबणाने चिरा पडू शकतात. एबीएसला पेट्रोल आणि थिनर वर्ज्य.

दुरुस्तीआधी होडी कशाची आहे हे ओळखणे हे मोठे काम. कोकणात लाकडाची नसलेली प्रत्येक होडी ‘फायबर’च, आणि या एका शब्दापायी बऱ्याच दुरुस्त्या फुकट गेल्या आहेत. आतल्या बाजूने कातडीचा छोटा तुकडा खरवडून तो गोड्या पाण्याच्या पेल्यात बुडवून सोडावा. वर आला तर पॉलिएथिलीन किंवा पॉलिप्रोपिलीन. तळाशी गेला तर एबीएस किंवा खरे काचतंतूचे फायबर. फायबर तुटलेल्या कडेला काचेचे धागे दाखवते.

वर तरंगणाऱ्यांना रेझिन, काचेची मॅट किंवा एम-सीलसारखी पुट्टी धरत नाही. वरवर चिकटल्यासारखी वाटते आणि दोन फेऱ्यांत पापुद्र्यासारखी सुटते. त्यांना त्याच प्लास्टिकची काडी गरम हवेच्या बंदुकीने वितळवून सांधावी लागते. एबीएसचा कीस अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून केलेली लापशी मात्र एबीएसच्या तड्यात एकजीव होते. फायबर घासून रेझिन-मॅटचे थर चढवावेत. पण पावसाळी दमटपणात रेझिन नीट आळत नाही, म्हणून हे काम मे संपण्याआधी उरकावे, नाहीतर गणपतीनंतर. फायबरच्या जेलकोटला, म्हणजे सगळ्यांत वरच्या गुळगुळीत थराला, कोळ्याच्या जाळ्यासारख्या केसाएवढ्या रेषा दिसल्या, तर प्रत्येक वेळी घाबरायला नको. नाण्याने ठोकून पाहावे. आवाज बद्द आला, तर खालचा थर सुटला आहे.

कवच कुठलेही असो, तड्याच्या दोन्ही टोकांना ३ ते ४ मिलिमीटरचे गोल भोक पाडले, की त्याची धाव बहुधा थांबते. ते टोक डोळ्यांना दिसते त्याच्या थोडे पुढे असते. भोक तिथे पाडावे.